वाकडं झाकण

पंपाच्या झाकणाची भोकं मोजणीत सकाळपासून तिसऱ्यांदा जागा सोडून निघाली, तेव्हा वाजिदभाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि खुर्चीत मागे रेलून छताकडे पाहिलं. मशीनवर चिडायचंही त्राण उरलं नव्हतं. लातूरच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये थंड हवेची खोली एकच, मोजणीच्या मशीनची. आणि बसून करायची नोकरीही एकच, वाजिदभाईंची. उमर लेथपाशी उभं राहण्यात गेली आणि गुडघ्यांनी राम म्हटला, तेव्हा कुठे ही खुर्ची मिळाली होती. दुपारी पुण्याच्या कंपनीचे साहेब येणार होते. मोजणी त्यांच्यासमोर जमली तर झाकणांची ऑर्डर. नाही जमली तर मशीन विकायचं आणि वाजिदभाईंनी परत लेथवर जायचं, असं मालकांनी सांगून टाकलं होतं.

काम तसं अवघड नव्हतं. झाकण दगडी टेबलावर मेणाच्या गोळ्यांवर टेकवायचं. ते तिरकं बसलं तरी बिघडत नाही, कारण मशीनला टेबलाशी देणंघेणं नसतं. मशीनची बारीक सळई आधी झाकणाच्या वरच्या अंगाला, मग लांब बाजूला, मग आखूड बाजूला टेकवायची आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, की बाबा, ही तुझी जमीन, ही एक भिंत, ही दुसरी भिंत. यांनाच डेटम म्हणतात. सगळी भोकं तिथून मोजायची. एकदा हे सांगून झालं की झाकणाला बोटही लागता कामा नये, कारण झाकण हललं तरी सॉफ्टवेअर बिचारं जुन्याच भिंती धरून बसतं.

आणि भिंती सांगून झाल्या की नेमकी चहाची, नाहीतर नमाजाची वेळ व्हायची. परत येऊन पाहावं तर भोकं भलतीकडेच.

पहिला संशय झाडलोट करणाऱ्या मल्लम्मावर गेला.

"मल्लम्मा, टेबल पुसलीस का गं?"

"म्या कशाला पुसू? मागल्या बारीला तुमी ओरडलाव, तवापासनं मी आत पाऊलबी ठेवीना."

मग वाजिदभाईंनी सळईचं टोक पुसलं, खोलीचं तापमान बघितलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चौथ्यांदा भिंती सांगितल्या, चहाला चाललो म्हणून मोठ्याने जाहीर केलं आणि दाराच्या काचेआड उभे राहिले.

मालक शेषेराव आत शिरले. एक डोळा मिटून त्यांनी झाकणाकडे गवंड्यासारखं पाहिलं, मान हलवली आणि अंगठ्याने हळूच ते सरळ केलं.

"मालक! काय करायलाव?"

"काय न्हाई रे. वाकडं होतं."

"सकाळधरनं तुमीच सरळ करायलाव का?"

"मग? पुण्याचा मानूस येनार, आन् आपलं झाकन असं तिरपागडं?"

"तिरपं असू द्या. मशीनला कळतंय."

"मशीनला कळंल. सायबाला काय वाटंल?"

शेषेरावांचा हा जुनाच आजार. भूकंपानंतर नव्याने वसलेल्या गावांना लोखंडी खिडक्या पुरवून ते धंद्यात आले. पुढे लातुरात ट्यूशनचं पीक आलं, तेव्हा बाकडी आणि पोरांच्या खाटा केल्या. क्लासमध्ये बाकडी पोचवायला गेले की भिंतीवरचा फळा सरळ केल्याशिवाय त्यांचा पाय निघत नसे.

वाजिदभाईंनी हात टेकले. "करा सरळ. पोटभर करा. मग मी भिंती सांगतो." मालकांनी मनासारखं झाकण लावलं, वाजिदभाईंनी मोजलं आणि सगळी भोकं आपापल्या जागी सापडली. वाजिदभाईंना वाटलं, सुटलो.

पुण्याचे आनंदराज साहेब आले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"हे टेबलाशी इतकं काटेकोर सरळ कसं? डेटम घेतलेत, की नुसतं टेबलाला लावून मोजलंत?"

"घेतलेत, साहेब."

"मग वाकडं ठेवून मोजून दाखवा." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने झाकण चांगलं आडवंतिडवं फिरवलं.

शेषेराव कण्हले. वाजिदभाईंनी पुन्हा जमीन आणि दोन्ही भिंती सांगितल्या आणि मशीन चालू केलं. सळई एकेक भोक शोधत सावकाश फिरू लागली. शेषेरावांनी हात पाठीमागे बांधले. मग खिशात घातले. मग कॅलेंडर सरळ केलं, साहेबांची खुर्ची सरळ केली, वाजिदभाईंची कॉलर नीट केली. एवढ्यानेही भागेना. अंगठा टेबलाकडे निघाला, तसा वाजिदभाईंनी त्यांचा हातच पकडला.

"खुदा के वास्ते, मालक!"

"ऐक," शेषेराव कुजबुजले. "गावाकडं घराची भित जराशी कलल्याली दिसली व्हती. म्हनलं, गणपती इसर्जन होऊ दे, मग बगू. इसर्जनाच्याच रात्री भूकंप झाला. माय त्याच भितीखाली गेली."

मालकांची आई भूकंपात गेली हे वाजिदभाईंना ठाऊक होतं. भिंतीचं मात्र ते कधी बोलले नव्हते. वाजिदभाईंचा सकाळपासूनचा राग ओसरला. पण हात त्यांनी सोडला नाही. मशीन थांबेपर्यंत दोघं तसेच हात धरून उभे राहिले.

भोकं जागच्या जागी निघाली. साहेबांनी ऑर्डरवर सही केली.

"उत्तम. आता दर सोमवारी एक झाकण असंच वाकडं ठेवून मोजायचं आणि रिपोर्ट पाठवायचा."

साहेबांची गाडी गेटबाहेर गेल्यावर शेषेराव मटकन खुर्चीत बसले. वाजिदभाईंच्याच.

"दर सोमवारी?"

"मालक, सोमवारी तुमी उदगीरला जात जा. उधारीची वसुली राहिलीय तिकडं."

"जातो." शेषेरावांनी बसल्या बसल्या टेबलाकडे मान वळवली. "जायच्या आधी एकदा आत डोकावून जाऊ का? हात न्हाई लावत. निस्तं बगतो."

"बगायचं बी न्हाई."

"बरं," शेषेराव म्हणाले. "मग मंगळवारी बगतो."