वाल्वची तारीख

देवराव वानखडे, म्हणजे आमचे भाऊ, आधी तुमची गाडी ऐकतात, मग तुमच्याकडे बघतात. त्यांच्या फाटकाशी स्कूटर थांबवली की ते हात वर करून तुम्हाला गप्प करणार, डोळे मिटणार, मान तिरपी करणार आणि मग म्हणणार, "मांगच्या चाकाचं बेअरिंग रडून राह्यलं, सर. दाखवून घ्या. बसा आता." गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलीला बघायला रिसोडहून मंडळी आली होती. मुलीच्या बापानं भाऊंना विचारलं, मुलगा कसा वाटला? भाऊ म्हणाले, "पोरगा म्या पाह्यला नाई. पण गाडीचा गेर सांभाळून टाकते." लग्न जमलं, आणि दोघांचं बरं चाललंय असं ऐकतो.

मी वाशीमच्या एका शाळेत मास्तर आहे. भाऊंची आणि माझी कंपाउंडची भिंत एकच. त्यांची सारी नोकरी कोर्टात गेली. पक्षकारांची नावं पुकारायची, कागद पुढे सरकवायचे आणि पुढची तारीख सांगायची. निवृत्त झाले, पण तारखा सुटल्या नाहीत. मेथी घ्यायची की कोबी, हा प्रश्न त्यांच्या घरी 'विचाराधीन' असतो. दूधवाल्याला पातळ दुधाबद्दल त्यांनी 'शेवटची संधी' दिलेली आहे आणि ती ते त्याला अधूनमधून पुन्हा देतात.

आता गंमत अशी की साऱ्या गल्लीच्या गाड्यांची नाडी बघणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी मात्र शिवणयंत्रासारखी वाजत यायची. जुनी पांढरी गाडी. पाण्याच्या टाकीपाशी वळली की तिची टिकटिक माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. कोणी टोकलं तर भाऊ म्हणायचे, "म्हातारी हाये. बोलनच."

पण मग नुसतं बोलणं राहिलं नाही, ती धापा टाकायला लागली. शांतावहिनींना, म्हणजे भाऊंच्या पत्नीला, दर महिन्याला अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं. साखरेनं त्यांचा एक डोळा पूर्ण नेला आणि दुसऱ्यात थोडा उजेड उरलाय. तो टिकवायचा तर इंजेक्शन चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. एसटीच्या गर्दीत वहिनी घाबरतात आणि परक्या गाडीत त्यांना मळमळतं. म्हणून ही गाडी. आणि त्या खेपेला मेडशीच्या पुढे चढावर तिनं मान टाकली. मागून सोयाबीनचा भरलेला ट्रक आला, त्याच्या ड्रायव्हरनं जाता जाता हात हलवून भाऊंचा निरोप घेतला. इंजेक्शन हुकलं.

स्टेशनरोडच्या गॅरेजवाल्या सलीमभाईंनी बॉनेट उघडलं आणि लगेच निदान केलं. इंजिनात झाकणासारखे वाल्व असतात, त्यातला एक नीट बसत नव्हता आणि इंजिनाचा दम तिथून निघून जात होता. "इंजिनाचं वरचं हेड उतरवा लागते, भाऊ. वाल्व घासतो, टॅपेट लावतो. गाडी टाकून जा, नवरीवानी करून देतो."

भाऊ म्हणाले, "इचार करून सांगतो."

तिथून जे प्रकरण उभं राहिलं, ते दिवाणी दाव्यासारखं लांबलं. वाल्वचं काम सलीमभाईंना द्यायचं की स्वतः करायचं, हा मुद्दा. सुनावणी रोज संध्याकाळी भाऊंच्या ओट्यावर. सलीमभाई दुकान बंद करून यायचे आणि कळकळीनं सांगायचे, "भाऊ, पाना धरता येते म्हून कोणी हेड खोलते का? एक बोल्ट कमीजास्त कसला का गास्किट गेलं समजा." भाऊ मान डोलवायचे, मग माझ्याकडे वळायचे, "सर, तुमचं म्हननं काय?" मला गाडीत पेट्रोल कुठून भरतात एवढंच माहीत. मी म्हणायचो, सलीमभाईंना द्या आणि मोकळे व्हा. भाऊ दोन्ही बाजू ऐकून घ्यायचे, चहा मागवायचे आणि म्हणायचे, "पाहू. उद्याची तारीख."

दिवसा ते मोबाइलवर वाल्वचे व्हिडिओ बघायचे. त्यातला त्यांचा आवडता मेकॅनिक तमिळ बोलायचा. "भाऊ, समजतं का हो काही?" मी विचारलं. "तो कायले समजाले पाह्यजे? त्याच्या पान्याचा आवाज आयका," ते म्हणाले.

मला खरं तर राग यायला लागला होता. अकोल्याचा दिवस जवळ येत होता आणि हा माणूस तारखा देत बसला होता. एका संध्याकाळी मी जरा तोडूनच म्हटलं, "भाऊ, वहिनींच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. सलीमभाईंच्या हाताला वाशिमात तोड नाही. मग अडतंय कुठं?" भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्याच्या हाताले तोड नाई, हेच तं अडून राह्यलं." मला वाटलं, म्हातारा आता साफ बिघडला.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. काम भाऊ स्वतः करणार. सलीमभाईंनी शेजारी खुर्ची टाकून बसायचं, तोंड वापरायचं, हात नाही.

अंगणात हेड उतरलं. सुटे भाग ओळीनं राहावेत म्हणून भाऊंनी वहिनींचं अप्पेपात्र आणलं होतं. प्रत्येक खळग्यात एकेका वाल्वचं सामान. घासायची रीत अशी की वाल्वला पेस्ट लावायची, मागे दांडी चिकटवायची आणि ती दोन तळहातांत धरून इकडे-तिकडे फिरवायची. भाऊंची दांडी सारखी सुटायची. सलीमभाई स्वतःच्या मांड्यांखाली हात दाबून बसले होते, त्यांच्याच्यानं बघवत नव्हतं. वहिनी पायरीवर बसून ऐकत होत्या.

"ताक घुसयल्यावानी करा लागते का?" त्यांनी विचारलं.

"तसंच, भाबी," सलीमभाई म्हणाले.

"मंग द्या इकडे. यायनं जन्मात रवी धरली नाई."

वहिनींनी पदर खोचला, चाचपडत दांडी हातात घेतली आणि जी फिरवली, ती एका लयीत. सलीमभाईंनी नंतर त्या वाल्वला बोट लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "वा." वहिनींनी वाल्व परत दिला आणि आपलं अप्पेपात्र कधी मिळणार ते विचारलं. त्याची तारीख भाऊंनी दिली नाही, रॉकेलनं धुऊन देतो म्हणाले. वहिनी म्हणाल्या, राहू द्या मग, तुमालेच ठेवा.

इंजिन पुन्हा बसलं. शेवटी टॅपेट लावायचे, म्हणजे वाल्वच्या डोक्यावरचं अंतर पट्टीनं मोजून स्क्रू कसायचे. भाऊंनी ते फार वेळ लावून केलं. चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली, धाप नाही, धूर नाही. सलीमभाई हसत उठले आणि तिथंच थांबले. टिकटिक येत होतीच.

त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला आणि कानाला लावला. "एक टॅपेट ढिला राह्यला, भाऊ. घट्ट असता तं वाल्व जळला असता, ढिल्यानं काई होत नाई. पण बरं नाई दिसत. सरका, कसून देतो."

"राहू दे."

"अरे, लोक काय म्हंतीन? सलीम समोर बसला होता अन्..."

"राहू दे, सलीम," भाऊ म्हणाले आणि बॉनेट लावून टाकलं. सलीमभाई नाराज होऊन गेले. गल्लीत व्हायची ती चर्चा झाली. एवढ्या सुनावण्या घेतल्या आणि शेवटी आवाज तोच.

अकोल्याची फेरी झाली. गाडी मेडशीचा चढ हसत चढली, इंजेक्शन वेळेवर झालं. त्यानंतरच्या आठवड्यात मी बाजारातून भाजीची पिशवी घेऊन चालत येत होतो, तर भाऊंनी गाडीत घेतलं. टिकटिक चालूच. मला राहवलं नाही. "भाऊ, खरं सांगा. तो टॅपेट चुकून राहिला?"

भाऊ रस्त्याकडे बघत म्हणाले, "सलीमच्या हाताखालून गाडी गेली का मुकी होऊन येते, सर. तो एक आवाज ठेवत नाई. त्याचा तो धरम हाये. त्याले कोन्या तोंडानं सांगू, बाप्पा, एक ठेव म्हून?"

"पण ठेवायचा कशाला?"

भाऊंनी गेर बदलला. पाण्याच्या टाकीपाशी गाडी वळली. घराचं फाटक आधीच सताड उघडं होतं. वहिनी एका हातानं ते धरून उभ्या होत्या, चेहरा जरा बाजूला, कान आमच्या गाडीकडे. एरवी त्यांना ओट्यावरून उतरतानाही कोणाचा तरी हात लागतो.

मी भाऊंना काय काय ऐकवलं होतं ते आठवलं आणि मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

गाडी आत आली, थांबली. भाऊंनी इंजिन बंद केलं नाही. वहिनी त्या टिकटिकीच्या अंगानं एकेक पाऊल टाकत आल्या, बॉनेटला हात लागला, तिथून हात सरकवत भाऊंच्या खिडकीशी आल्या. "चहा ठेवला हाये," त्या म्हणाल्या. मग भाऊंनी चावी फिरवली.