जर्मन गाडीची ट्रायल

बद्रीनाथ गेल्याच्या चौथ्या महिन्यात मल्लिनाथअप्पांनी जेवताना जाहीर केलं, की आपल्याला पळणारी मोटार घ्यायची आहे.

दानम्मांनी हातातली भाकरी तशीच धरून विचारलं, "मोटार म्हणा की. पळणारी कावून? सगळ्याच पळत्यात."

"सगळ्या चालत्यात. पळणारी येगळी असती," अप्पा म्हणाले आणि मान खाली घालून जेवू लागले.

सिरसाळ्याच्या बाजारपेठेत अप्पांचं भांड्यांचं दुकान आणि त्याला लागून बद्रीनाथचं कापडाचं. तीस वर्षं दोघांनी शटर एकाच वेळी वर केली आणि एकाच वेळी खाली ओढली. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी बद्रीनाथ शटर निम्मं ओढून तिथंच बसला, तो पुन्हा उठला नाही. छप्पन्नावं वर्ष. अप्पांचंही छप्पन्नावंच. तेव्हापासून अप्पांचं कशात मन लागत नव्हतं. गिऱ्हाइकानं कुकर मागितला की ते आधी कुकरकडं बघत, मग गिऱ्हाइकाकडं, आणि हा माणूस अजून किती वर्षं डाळ शिजवणार असा विचार करत बसत. आपण आयुष्यात काय केलं, याचं उत्तर त्यांना शोधूनही सापडत नव्हतं. एवढंच आठवत होतं, की कॉलेजात असताना मामाची मोटारसायकल त्यांनी एकदा परळीच्या रस्त्यावर ऐंशीला नेली होती आणि तेव्हा ते मोठ्यानं ओरडले होते.

दानम्मांच्या मनात परळीच्या एका गुरुजींची पांढरी छोटी गाडी होती. गॅसवर चालणारी, एका किलोला पंचवीस किलोमीटर देणारी. अप्पांच्या मनात तेलगावची गाडी होती. काळी, जर्मन, सहा सिलिंडरची, नऊ वर्षं वापरलेली. लिटरला सात देते, असं मालक फोनवर म्हणाला होता. म्हणजे सहाच देत असणार, हे दानम्मांनी लगेच ओळखलं.

"एक टायर केवढ्याला हाय इचारलं का?"

"इचारलं."

"मग?"

अप्पांनी सांगितलं. दानम्मांनी भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाल्या, "आन तशी चार."

"पाच. डिक्कीत एक असतंय."

"आन ही मजा तुमाला महिन्यातून किती बारी यायची?"

अप्पांनी प्रामाणिकपणे विचार केला. "एखाद बारी. रस्ता मोकळा घावला तर."

"एका बारीच्या मजेला महिनाभर पेट्रोल पाजायचं," दानम्मा म्हणाल्या. पण नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी पुढचं बोलणं आवरलं. "जाऊ. बघून तरी यिऊ. बघायला काय जातंय."

रविवारी दोघं एसटीनं तेलगावला गेले. ऊसतोडीचा हंगाम होता. रस्त्यावर उसाची पाचटं उडत होती, आणि ट्रॉल्यांच्या रांगेमागून जाताजाता एसटीनं तासाचे दोन तास केले.

गाडीचे मालक अर्जुनराव अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. दोन वर्षांपूर्वी ते बाजार समितीच्या निवडणुकीत अकरा मतांनी पडले होते. गाडी विजयाच्या मिरवणुकीसाठी आधीच पुण्याहून आणून ठेवली होती. मिरवणूक निघाली नाही. गाडी लिंबाखाली उभी राहिली. तिच्यावर लिंबोळ्या पडत, अर्जुनराव त्या उचलत. एवढाच दोघांचा संबंध उरला होता.

"बसा अप्पा," ते कुणाच्या तरी तेराव्याला आल्यासारख्या आवाजात म्हणाले. "गाडीत खोट न्हाई. आमच्या नशिबात हाय. शून्याचे शंभर सहा सेकंदात करती."

"शंभरला नेऊन पुन्हा थांबवायचंच असतंय ना?" दानम्मांनी विचारलं.

अर्जुनरावांनी त्यांच्याकडं आदरानं पाहिलं. हा प्रश्न त्यांना स्वतःला दोन वर्षांत सुचला नव्हता.

ट्रायलला अप्पा चालवायला बसले, शेजारी दानम्मा, मागं अर्जुनराव. गावाबाहेर नव्या सिमेंटच्या रस्त्याला लागेपर्यंत अप्पा गाडी भरल्या घागरीसारखी नेत होते. मग समोर दीड-दोन किलोमीटरचा सरळ, रिकामा पट्टा आला. ना ट्रॉली, ना म्हैस.

"दाबा," मागून अर्जुनराव म्हणाले.

अप्पांनी दाबलं. पाठ सीटला चिकटली. दोन्ही बाजूंचा ऊस एकच हिरवी भिंत झाला. अप्पांच्या छातीत चार महिने बसलेलं काहीतरी बाजूला सरकलं आणि ते ओरडले. काय ओरडले ते त्यांनाही कळलं नाही. दानम्मांनी वरची कडी दोन्ही हातांनी धरून डोळे मिटले आणि कुलदैवताचं नाव घ्यायला सुरुवात केली. ते नाव पुरतं व्हायच्या आत पट्टा संपला.

पुढं एक वस्ती होती. तिथल्या लोकांनी अपघाताला कंटाळून वर्गणी काढून स्वतःच गतिरोधक घातला होता. वर्गणी जास्त जमली असावी, कारण गतिरोधक शेताच्या बांधाएवढा उंच झाला होता. अप्पांनी वेग पार कमी केला आणि अगदी अदबीनं गाडी वर चढवली. पुढची चाकं पलीकडं उतरली. मग पोटाखालून भाकरी तव्याला चिकटून खरवडावी तसा आवाज आला आणि गाडी थांबली. ना पुढं जाईना, ना मागं. मागची चाकं नुसतीच गरगरू लागली.

"आन आता लिटरला किती देती?" दानम्मांनी डोळे उघडून विचारलं.

दानम्मा आणि अर्जुनराव खाली उतरले. एका बाजूला खडीचा ढीग, समोरून उसाची ट्रॉली. ट्रॉलीवाला उतरून आला, गाडीखाली वाकून बघितलं आणि कीव आल्यासारखा म्हणाला, "तीनशे घोडे हायत म्हणं हिच्यात. मग अडकली कावून?"

तेवढ्यात मागून टाळांचा आवाज आला. वस्तीतले शहादेवबाबा सकाळी वारले होते. ब्याऐंशी वर्षांचे. स्मशानाची वाट पुढंच होती आणि रस्ता बंद.

अप्पांना धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण लोकांनी शिव्या दिल्या नाहीत. कडेला मारुतीच्या पाराजवळ विसाव्याची जागा होतीच. त्यांनी तिरडी तिथं टेकवली आणि खांदेकरी हात झटकत गाडीकडं आले.

"मी उतरतो," अप्पा घाईघाईनं म्हणाले.

"न्हाई न्हाई, तुमी बसा," त्यातला थोरला म्हणाला. "कुणीतरी स्टेरिंग धराया पायजे. चला बे, दोघं हिकडून, दोघं तिकडून. मागून बाकीचे. सावकाश."

गाडी उचलली गेली. आत अप्पा एकटेच, स्टेरिंग घट्ट धरून, समोर बघत. चार खांदेकऱ्यांनी उचलून नेण्याचा योग माणसाला एकदाच येतो, आणि तोही बघायला मिळत नाही. अप्पांना तो बसल्याबसल्या बघायला मिळाला. त्यांना बद्रीनाथची आठवण झाली. "हळू," एवढंच ते म्हणाले.

गाडी खाली टेकली. आता निघून जाणं माणुसकीला धरून नव्हतं. शिवाय शहादेवबाबांची बहीण ताराबाई गुडघ्यांनी अधू होती, आणि कुणीतरी म्हणालं, "आत्याला घ्या की गाडीत." ताराबाई पुढं बसल्या, दानम्मा मागं. अर्जुनराव पुढारी माणूस. ते चपला गाडीत ठेवून तिरडीबरोबर चालू लागले.

तिरडीमागून सहा सिलिंडरची गाडी मुंगीच्या पावलानं निघाली. इंजिन तापू लागलं. पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली येत होता. उघड्या काचेतून अप्पांना पुढचं बोलणं ऐकू येत होतं.

"दादा, गाडी इकायली म्हणं तुमी?" एकानं विचारलं.

याच वस्तीतून अर्जुनरावांना सात मतं पडली होती. ते ताठ झाले. "कोण म्हणलं? पाव्हण्यांना फिरवायलोय. इकायची येळ आपल्यावर आली का?"

अप्पांनी आरशात दानम्मांकडं बघितलं. दानम्मा काटा बघत होत्या.

सगळं उरकल्यावर खांदेकऱ्यांनी गाडी पुन्हा तशीच उचलून गतिरोधकाच्या अलीकडं आणून ठेवली आणि लोक पांगू लागले. ताराबाईंना घरी सोडायला अर्जुनराव स्वतः चालवायला बसले. लोक बघत होते. अप्पा त्यांच्या शेजारी, बायका मागं. ताराबाईंनी सीटवरून हात फिरवून बघितला. मग त्यांनी विचारलं, "ही गाडी एवढीच चालती व्हय?"

"न्हाई आत्या, लई पळती."

"मग पळीव की बाबा. शहादेव शर्यतीचे बैल पळवायचा, तवा मला मागं बसवायचा. आय वरडायची. आमी ऐकत न्हवतो." त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आता कोण बसवणार."

अर्जुनरावांनी गाडी वस्तीकडं न वळवता तसाच तो मोकळा पट्टा धरला आणि दाबलं. ताराबाईंनी दानम्मांचा हात पकडला. दानम्मांनी या खेपेला डोळे मिटले नाहीत. ऊस मागं पळाला, खांब मागं पळाले, आणि मागच्या सीटवरून कुणीतरी लहान मुलीसारखं हसलं. अप्पांना वाटलं, ताराबाई. वळून बघितलं तर ताराबाई रडत होत्या. हसत होत्या त्या दानम्मा. तीस वर्षांच्या संसारात अप्पांनी ते हसू ऐकलं नव्हतं.

ताराबाईंना दारात उतरवलं. परत येऊन लिंबाखाली गाडी उभी करून अर्जुनराव स्टेरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"अप्पा, राग मानू नका," अखेर ते म्हणाले. "मी न्हाई देत गाडी. ही पळती हेच इसरून गेलतो मी. दोन वरसं नुसत्या लिंबोळ्या येचल्या."

माणसाचा चेहरा उजळलेला बघून भाव कसा करायचा, हे दुकानदारीत त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चहा घेऊन दोघं स्टँडवर आले.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. पुढं पुन्हा ट्रॉल्यांची रांग होती, आणि अप्पा ज्वारीच्या काढलेल्या रानांकडं बघत होते. बद्रीनाथ गेला. गाडीही गेली. उरलं काय, तर दुकान.

"गुरुजींची गाडी बघू उद्या," ते हताशपणे म्हणाले. "पंचवीस देती."

दानम्मांनी मान हलवली. मग आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, हे पाहून अप्पांच्या कानाशी वाकल्या.

"अहो, लातूरला पण असत्याल ना अशा इकायच्या गाड्या?"

"असतील. पण तूच म्हणतीस ना, आपल्याला परवडायची न्हाई."

"घ्यायची कोण म्हणतंय?" दानम्मा म्हणाल्या. "ट्रायलचं पेट्रोल मालकाचंच असतंय की. पुढच्या रविवारी लातूर करू. मग अंबाजोगाई."