खालच्या डाव्या कोपऱ्यातलं विश्व

निवृत्त झाल्यावर मी विश्वाला मदत करायचं ठरवलं, कारण घरात माझी मदत कुणालाच नको होती. (भांडी कशी लावावीत हे मी बायकोला समजावून सांगत होतो. शेवटी तिनंच मला हाताला धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं.)

एका वेबसाइटवर खगोलशास्त्रज्ञांना माझ्यासारखी रिकामी माणसं हवी होती. काम सोपं होतं. पडद्यावर एका दीर्घिकेचा फोटो येतो. तिच्या गोल फिरत गेलेल्या भुजा आपण माउसनं गिरवायच्या, मध्ये ताऱ्यांचा आडवा दांडा दिसला तर त्याला चौकट घालायची. तोच फोटो इतरही पुष्कळ लोक गिरवतात आणि शास्त्रज्ञ सगळ्यांचं ताडून बघतात. ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर खुणा केलेल्या माणसाला आणखी काय हवं?

मी डावा डोळा मिटून कामाला बसायचो. तशी गरज नव्हती. पण दुर्बिणीतून बघणारे मिटतात, आणि आपणही कामाला शोभलं पाहिजे. एकदा मी "ही जरा कललेली आहे, पण देखणी आहे" असं पुटपुटलो, तर दाराशी आलेली मेहुणी चहा न घेताच परत गेली.

मग प्रकल्पाच्या बाईंचा ईमेल आला. फार अदबीनं लिहिलेला. माझ्या चिकाटीचं त्यांना कौतुक होतं, पण माझ्या प्रत्येक चित्रात खालचा डावा कोपरा कोराच असे. बाकी सगळ्यांना तिथं भुजा दिसायची. माझ्या पडद्यावर तिथं काही चिकटलंय का, असं त्यांनी विचारलं होतं.

मी पडदा खसाखसा पुसला आणि बायकोला सांगितलं की बाकीच्या जगाला भास होत असणार. ती हात पुसत आली. तिला भुजा दिसत होती, मला नव्हती. (यात आमच्या घरी नवीन काही नाही. फ्रिजमध्ये समोर ठेवलेलं दूधही मला दिसत नाही.) तिनं कुठलंसं बटण दाबून फोटो उलटा केला.

"आता दिसते?"

"दिसते की. पण मघाशी उजवीकडे होती ती कुठं गेली?"

ती माझ्या मिटलेल्या डोळ्याकडे नुसती बघत राहिली. मग तिनं माझ्या चपला आणून पायाशी ठेवल्या.

"चला. डोळे दाखवायला जायचंय."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दुखत नाही, खुपत नाही, एका डोळ्याचं उणं दुसरा झाकून घेतो, म्हणून कळतही नाही. गेलं ते परत येणार नव्हतं, पण उरलंय ते थेंबांनी राखता येईल, वेळेत आलात, असं ते म्हणाले. हे लक्षात कसं आलं, या प्रश्नावर मी खरं ते सांगितलं, की दीर्घिकेमुळं. पुढचं सगळं त्यांनी बायकोलाच विचारलं.

बाहेर आल्यावर रस्ता ओलांडताना बायकोनं माझा हात धरला. एरवी धरते तो ओढायला. त्या दिवशी नुसता धरून ठेवला होता.

आता रोज ती माझ्या डोळ्यांत थेंब घालते आणि मी छताकडे बघत तिचे आभार मानतो. (ती म्हणते, हलू नका, गालावर पडतात.) दोन्ही डोळे उघडे ठेवून मी पुन्हा दीर्घिका गिरवायलाही लागलो.

प्रकल्पाच्या बाईंना मी आभाराचा लांबलचक ईमेल पाठवला. त्यांचं उत्तर आलं. आपल्यामुळं कुणाचा डोळा वाचला याचा त्यांना फार आनंद झाला होता. शिवाय माझी चित्रं नव्या लोकांना शिकवण्यासाठी वापरायची परवानगीही मागितली होती. मी लगेच मेहुणीला फोन लावला. माझी फुशारकी चालू असताना बायकोनं ईमेल शेवटपर्यंत वाचला आणि फोन माझ्या हातून काढून घेतला.

डोळ्याच्या आजारातली चित्रं त्यांनी बाजूला ठेवली होती, त्यात माझी काय चूक. त्यांना हवी होती ती नंतरची, दोन्ही डोळ्यांनी नीट बघून काढलेली. 'असं करू नये' या पानासाठी.