तोफ आणि साबणाचे डाग

“हे काय आहे?”

तोफ गरजली. शनिवारची सकाळ, साडेनऊ वाजलेले, वॉशिंग मशीनचं दार सताड उघडं आणि तोफेच्या हातात तिचा काळा ड्रेस. काळा कसला! खांद्यांवर पांढरे ओघळ, पाठीवर निळसर चिकट ठिपके आणि पोटावर एक डाग असा ऐसपैस पसरलेला, की भूगोलाच्या बाईंनी लगेच त्यात नद्या भरायला सांगितल्या असत्या.

“मी मशीनमध्ये स्वच्छ ड्रेस टाकला होता! फक्त घडीचा वास येत होता म्हणून टाकला होता! आणि बाहेर आला तो असा? या घरात कपडे धुतात की रंगवतात?”

तोफ हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत घरात तिला ‘म्यूट’ म्हणत. ती इतकं हळू बोलायची, की जेवताना मीठ मागितलं तर लोणचं मिळायचं आणि ती तेच गुपचूप खायची. मग वक्तृत्व स्पर्धेत कुणाच्या ध्यानीमनी नसताना तिचा पहिला नंबर आला, बाबांनी तिचं नवं नामकरण केलं आणि त्या दिवसापासून तिचा आवाज जो सुटला तो सुटलाच.

आता या ड्रेसचं एवढं काय, असं कुणी विचारेल. विचारूच नये! शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात तोफेनं तीन वर्षं पडदा ओढला होता. सगळी शाळा समोर नटूनथटून, आणि ही विंगेत दोरी धरून उभी. यंदा पहिल्यांदाच तिला निवेदन मिळालं होतं. माईक! दिवे! पण बाईंनी अट घातली होती, “चार वाजता सगळ्यांचे पोशाख बघणार. पूर्ण काळा हवा. दिव्यांखाली एवढासा डागसुद्धा शेवटच्या रांगेतून दिसतो. डाग दिसला, तर माईक दुसरीला आणि तू परत दोरीवर.”

काळा ड्रेस एकच होता. चार वाजायला साडेसहा तास होते.

“अगं, एवढं काय त्यात,” बाबा म्हणाले. “परत धुऊ. पहिल्यांदा साबण कमी पडला असणार.”

त्यांनी ड्रेस मशीनमध्ये टाकला, त्यावर बाटलीतून थेट निळा साबण ओतला, वर ‘मशीन भरलं की बरं धुतं’ म्हणून आपले बेकरीतले चार अॅप्रन, दोन टॉवेल आणि पायपुसणं कोंबलं. मग काम फत्ते झाल्यासारखे हात झटकून ते निघून गेले. मग आजोबा आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि डब्यातून मूठभर पावडर भुरभुरली. कारण पाण्यासारखा दिसणारा साबण हा साबणच नव्हे, असं त्यांचं मत होतं. मग दुकानाला निघता निघता आईही डोकावली, म्हणाली, “यांनी साबण घातला असेल असं वाटत नाही,” आणि तिनं मशीनच्या खणात पुन्हा ओतला नि बटण दाबलं.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. सगळ्यांनी मदत केली!

पंधरा मिनिटांत मशीननं आधी उचक्या दिल्या, मग त्याच्या दारातून फेस डोकावला आणि मग तो आपलंच घर असल्यासारखा मोरीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खाली गेला. दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या. डोक्यावर पांढराशुभ्र फेस.

“मी झाडांना पाणी घालत होते,” काकू म्हणाल्या. “केस मी कालच धुतलेत.”

“सॉरी हं काकू,” आई टॉवेल देत म्हणाली.

“सॉरी काय सॉरी!” तोफ मागून ओरडली. “काकू, तुमचा फेस पुसला की जाईल! माझं काय? माझं अख्खं आयुष्य दोरीवर लटकतंय!”

काकूंनी टॉवेल घेतला आणि त्या जास्त काही न बोलता जिना उतरल्या. तोफेसमोर हल्ली सगळे तसंच करत.

ड्रेस बाहेर आला तेव्हा आधीचे डाग होतेच, त्यांना नवीन भावंडंही झाली होती. “आता इस्त्री फिरवली की दबतील बघ,” असं म्हणत आजोबा इस्त्री तापवायला लागले, तेव्हा मात्र तोफेनं ड्रेस हिसकावला आणि ती चपला न घालता कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या काकांकडे धावली. मागून बाबा तिच्या चपला घेऊन, आजोबा चष्मा शोधत आणि आई, दुकानाला उशीर झाल्याचं फोनवर सांगत.

लाँड्रीवाल्या काकांनी ड्रेस उजेडात धरला, डागावरून ओलं बोट फिरवलं. बोट बुळबुळीत झालं. ते हसले.

“हसताय काय? मळ आहे की तेल आहे, ते सांगा!”

“मळ नाही आणि तेलही नाही. साबण आहे हा. नुसता साबण. धुवून निघालाच नाही तो, कपड्यातच बसलाय. आणि तुम्ही साबणाचा डाग काढायला वर आणखी साबण घातलात.” काका बाबांकडे वळले. “किती घातला होता?”

“थोडासा,” बाबा म्हणाले.

“म्हणजे किती?”

“अंदाजे.”

“मीही अंदाजे,” आई हळूच म्हणाली.

“तू कशाला घातलास? मी घातला होता ना!”

“मला काय माहीत तुम्ही घातलात?”

आजोबा दुकानाबाहेरची पाटी फार लक्ष देऊन वाचत होते. “पावडर कुणाची?” असं काकांनी विचारल्यावर त्यांनी ती परत पहिल्यापासून वाचली.

आता हे कुठल्या घरात घडावं! आई औषधांच्या दुकानात काम करते. पातळ औषधाचं माप ती डोळ्यांच्या रेषेत धरून बघते, एक थेंब जास्त पडला तर परत मोजते. बाबा बेकरीत मीठ ग्रॅमवर तोलतात. आणि आजोबा तर वजनमापं तपासणारे निरीक्षक होते! एकतीस वर्षं नोकरी. निवृत्त होऊनही ते दुकानात शिरले, की दुकानदार तराजूवरचा हात आपोआप काढतो. आणि ही तिघं साबण घालतात अंदाजे!

“बाटलीला मापाचं झाकण असतं की,” काका म्हणाले. “आत रेषा असतात. कुठंय ते?”

“ते तीन आठवड्यांपासून सापडत नाहीये,” आई म्हणाली. “म्हणून तर अंदाजे.”

“झाकण हरवलं आणि तुम्ही कुणी शोधलं नाही?” तोफेचा आवाज रस्त्यापलीकडे पोचला. दोन माणसं थांबली. “तीन आठवडे?”

काकांनी इलाज सांगितला. साबणाला हात लावायचा नाही. ड्रेस एकटा साध्या पाण्यात खळबळून काढायचा. मग कोमट पाण्याच्या बादलीत पाऊण वाटी पांढरं व्हिनेगर, त्यात अर्धा तास बुडवून ठेवायचा, डाग हलक्या हातानं चोळायचे, मग बुळबुळ जाईपर्यंत परत साधं पाणी. “आणि डाग असताना इस्त्री नाही हं. उष्णतेनं तो कायमचा बसेल.” आजोबांनी पाटी तिसऱ्यांदा वाचायला घेतली.

सगळं तोफेनंच केलं. कुणाला बादलीच्या जवळ फिरकू दिलं नाही. पाचव्या पाण्यात बुळबुळ गेली आणि ड्रेस गॅलरीत वाळत पडला, काळाकुट्ट, सुंदर. पण तोफेचा राग काही वाळला नाही. ती खोलीत गेली आणि टेबलावर अशी काही थाप मारली, की निळ्या डबीतल्या सेफ्टीपिना उडाल्या. तिनं कागद ओढला आणि लिहिलं:

‘या घरातले मापाचे झाकण ज्या बेजबाबदार व्यक्तीने हरवले किंवा पळवले असेल, त्या व्यक्तीने महिनाभर सर्वांचे कपडे हाताने धुवावेत. कोणतीही सबब चालणार नाही.’

“वयाची सवलत?” आजोबांनी विचारलं.

“नाही!”

“आणि नकळत झालं असेल तर?” बाबा.

“नकळत? बाबा, नकळत म्हणून मी आज दोरीवर जाणार होते! सही करा.”

सगळ्यांनी सही केली. सर्वांत वर, सर्वांत मोठी सही तोफेची. कागद फ्रीजवर लागला.

सव्वातीनला ड्रेस अंगावर आला. एक डाग असेल तर शपथ! आता फक्त छातीवर ‘निवेदन’ लिहिलेला बॅज लावायचा होता. तिनं निळ्या डबीत बोटं घातली. एकच पिन उरली होती आणि ती तळाशी अडकली होती. निघता निघेना, म्हणून तिनं डबी उजेडात तिरकी धरली.

आत तीन रेषा होत्या. पहिलीशेजारी लिहिलं होतं, ‘थोडे कपडे’.

तोफेनं ते दोनदा वाचलं. वक्तृत्व स्पर्धेची ती सकाळ. बॅजच्या पिना सांडलेल्या, रिक्षा खाली उभी, आणि मोरीत हाताला लागलेली ही गोंडस निळी डबी. तिनं ती धुऊनसुद्धा घेतली होती!

ती चवड्यांवर मोरीत गेली, झाकण बाटलीवर ठेवलं, आणि मांजरासारखी परत आली.

“अगं बाई!” दोन मिनिटांत आईचा आवाज. “झाकण सापडलं! बाटलीवरच आहे की!”

“दाखव,” आजोबा म्हणाले.

एकतीस वर्षांची नोकरी. त्यांनी झाकण नाकाशी धरलं, नखानं रेषा तपासल्या, मग तळहातावर हलकेच उपडं करून ठोकलं. टिक्. एक सेफ्टीपिन.

आई फ्रीजकडे बघत होती. बाबा छताकडे बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. आजोबा उठले, तोफेजवळ आले आणि त्याच पिनेनं त्यांनी तिचा बॅज नीट, सरळ लावून दिला.

“बोल काहीतरी,” ते म्हणाले. “आवाज बसला की काय, ऐन कार्यक्रमाच्या दिवशी?”

आवाज बसला नव्हता. बाईंनी चार वाजता ड्रेस पुढून-मागून पाहिला आणि मान हलवली. पाच वाजता पडदा उघडला, दोरी दुसऱ्याच कुणीतरी ओढली, आणि तोफ अशी धडाडली, की शेवटच्या रांगेत बसलेल्या खालच्या काकूंनी धुतलेल्या केसांवरचा रुमाल सावरला. टाळ्या थांबेनात. परतताना बाबांनी तिला आइस्क्रीम दिलं, आईनं जवळ घेतलं. झाकणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. किती मोठ्या मनाची माणसं, असं तोफेला वाटलं. तिचे डोळेसुद्धा भरून आले.

रविवारी सकाळी ती मोरीत गेली. बादली काठोकाठ भरलेली. तळाला बेकरीचे चार अॅप्रन, वर चादरी, त्यावर पायपुसणं आणि सगळ्यात वर, घडी करून, खालच्या काकूंकडून परत आलेला टॉवेल. शेजारी निळं झाकण, मधल्या रेषेपर्यंत बरोबर भरलेलं.

“माप मी स्वतः तपासलंय,” बाहेरून आजोबा म्हणाले. “थेंबभरही जास्त नाही.”