अब्बास नावाची चौकट

दोन वर्षांपूर्वी जावयाने सासऱ्यांच्या फोटोतल्या कपाळावरच्या आठ्या पुसून टाकल्या आणि तो सुबक चौकटीत मढवून त्यांना भेट दिला. येणारा प्रत्येक पाहुणा "हे गृहस्थ कोण?" असे विचारू लागला, आणि त्या दिवसापासून सासऱ्यांनी जावयाशी अबोला धरला. सासरे म्हणजे निवृत्त शालेय पर्यवेक्षक. त्यांच्या केवळ आठ्यांच्या बळावर कैक परीक्षा शांततेत पार पडल्या होत्या.

आता नातू जन्मला आणि त्याला आजोबांचेच नाव ठेवण्यात आले: अब्बास. जावयाचा धंदाच मुळी चौकटी करण्याचा. नाव व त्याचा अर्थ काचेखाली मढवून अर्पण करावा, म्हणजे अबोला सुटेल, असा त्याने विचार केला. त्याने कोश उघडला, त्यातला अर्थ छापला आणि मग कुठे त्याचे पहिले दोन शब्द वाचले. तो तसाच पत्नीकडे धावला.

"अगं, मूळ अरबी नाव, आणि अर्थ काय, तर कपाळाला आठ्या घालणारा!"

"अहो, बाबांना टोमणा वाटेल," पत्नी म्हणाली. "काहीतरी गोड लिहा."

त्याने नव्या कागदावर 'सदैव हसतमुख' असे छापले. पहिला कागद वाया जाऊ नये, म्हणून तो मागे आधाराला घातला.

चौकट सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत लागली. शेजारच्या काकूंनी ती मोठ्याने वाचली. "हसतमुख? अगंबाई, मी चुकीच्या घरात तर नाही ना शिरले?"

हशा थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. सासऱ्यांनी चौकट उतरवली, पालथी केली आणि ते पकडीने एकेक खिळा उपटू लागले.

"मामा, राहू द्या ना," जावई काकुळतीला आला.

आतून पहिला कागद निघाला. सासऱ्यांनी चष्मा पुसून वाचले: "अब्बास: आठ्या घालणारा, करारी मुद्रेचा, ज्याला पाहून इतर सिंह पळ काढतात, असा सिंह."

खोलीत परीक्षेची शांतता पसरली.

"ऐकलंस?" सासरे सासूबाईंना म्हणाले. "चाळीस वर्षं माझ्या स्वभावाला नावं ठेवलीस. अगं, मी नुसता नावाला जागत होतो!"

आनंदाच्या भरात ते नातवाकडे पाहून चक्क हसले. बाळाने तो अनोळखी चेहरा क्षणभर न्याहाळला आणि रडून घर डोक्यावर घेतले.

"आठ्या घाला, आठ्या!" सासूबाई ओरडल्या. "ओळखत नाहीये तो तुम्हाला!"

सासऱ्यांनी आठ्या घातल्या. बाळ तत्काळ गप्प झाले.

मग त्याच मुद्रेने सासरे जावयाकडे वळले. "जावईबापू, हा कागद पुढे लावा. आणि फोटोतल्या माझ्या आठ्या उद्या परत आणून द्या. सगळ्या!"