पंचनदरावांचा डावा गुडघा

मुलांनो, आमच्या वरच्या मजल्यावरचे पंचनदराव फक्त मंगळवारी लंगडायचे. बाकीचे सहा दिवस माझ्याआधी भाजीवाला गाठून कोवळी वांगी उचलायचे.

मंगळवारी त्यांच्याकडे फिजिओथेरपी कॉलेजचे दोन विद्यार्थी यायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासूनची ही व्यवस्था. कॉलेजची पद्धत अशी, की एका पेशंटला दोघे. एकाने व्यायाम करवून घ्यायचा, दुसऱ्याने बघायचं, मग एकमेकांच्या चुका सांगायच्या. कविता आणि सेंथिल ही जोडी. पंचनदराव तंजावूरकडचे मराठी, एकटेच राहतात. त्यांनी स्वतःला तिसरा शिक्षक नेमलं.

"भांडा! भांडल्यावाचून विद्या येत नाही!" ते ओरडायचे. मुद्दाम चुकीचा पाय उचलायचे. दोघांपैकी कोणी पकडलं तर दोघांना मुरुक्कू, म्हणजे तिकडच्या चकल्या. नाही पकडलं तर डबा बंद.

"ताता, गुडघा पूर्ण वाकतोय की," कविता म्हणायची. ताता म्हणजे आजोबा.

"वाकतो. पण मनापासून वाकत नाही."

परीक्षेला कॉलेजच्या मॅडम आल्या. माझ्या दोन खुर्च्या वर नेल्या होत्या, म्हणून मीही गेले. उपचार थांबवायचे की चालू ठेवायचे, यावर दोघांनी मिळून एकच मत द्यायचं होतं.

"थांबवायचे," कविता म्हणाली.

"अजून सहा आठवडे," सेंथिल म्हणाला. "ताता लंगडतात."

"ते मंगळवारचं लंगडणं आहे!"

"तू बाकीच्या दिवशी पाहिलंस?"

तिने पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं, पण मला कोणी विचारलं नाही. मॅडमनी पेन उघडलं. "एकमत नाही, तर दोघांनी नवीन पेशंट घेऊन पुन्हा सगळं करायचं."

कविताचे डोळे भरले. सेंथिल आपल्या बुटांकडे पाहू लागला. पंचनदरावांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"अय्यो, दूध उतू जातंय!" म्हणत ते उठले. मंगळवारची काठी खुर्चीलाच राहिली. ताठ चालत स्वयंपाकघरात गेले, उकिडवे बसून खालच्या फळीवरचा कॉफीचा डबा काढला आणि कशालाही न धरता उभे राहिले.

गॅस पेटवलेलाच नव्हता. मला दिसत होतं.

"थांबवायचे," सेंथिल हळूच म्हणाला. दोघांनी सही केली, तातांच्या पाया पडले आणि गेले.

पुढच्या मंगळवारी मी खुर्च्या आणायला वर गेले. टेबलावर कॉफीचे तीन पेले मांडलेले. शेजारी मुरुक्कूचा डबा. मला पाहून पंचनदरावांनी घाईने एक पेला उचलून आत नेला.

"सवय," बाहेर येत ते म्हणाले. "खुर्च्या न्या की, अक्का."

माझे गुडघे ठणठणीत आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी मी बसले.

"हल्ली जिना चढताना उजवा गुडघा जरा दुखतो," मी म्हटलं.

"सेरी, सेरी, बरं!" त्यांनी दुसरी खुर्ची समोर ओढली. "उजवा पाय सरळ वर. दहापर्यंत मोजायचं."

मी डावा उचलला.