टायटॅनियमची गदा

शिरवळच्या वर्कशॉपमध्ये सकाळी शिवांजलीने लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा पिवळा पट्टा मारलेला धातूचा दांडा जागेवर नव्हता. वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला, कपाटामागेही हात घालून पाहिला.

"काका, इथला टायटॅनियमचा तुकडा कुठंय?"

जोतीराम लेथ पुसत होते. आज सकाळपासून ते जरा जास्तच मन लावून लेथ पुसत होते.

"कुठला गं?"

"पिवळ्या पट्ट्याचा. हातभर लांब."

"त्यो व्हय," जोतीराम फडक्याची घडी घालत म्हणाले. "त्यो उरल्याला हुता न्हवं?"

"उरलेला नव्हता, राखलेला होता."

"राखल्यालं म्हंजे उरल्यालंच की."

शिवांजली खुर्चीवर बसली. सरकारी अंतराळ संस्था रॉकेटचे कितीतरी लहानमोठे भाग बाहेरच्या कारखान्यांकडून करून घेते, आणि त्या कारखान्यांच्या यादीत काकांच्या वर्कशॉपचं नाव यावं म्हणून ती वर्षभर खपली होती. पहिलं काम मिळालं ते वीस ब्रॅकेटचं. धातू संस्थेनेच दिला. अट अशी की त्याच दांड्याचा एक तुकडा न वापरता राखायचा आणि निरीक्षकासमोर तो यंत्रात ओढून तोडायचा. ठरलेला ताण त्याने सोसला तर ब्रॅकेट पास. तुकडाच नसेल तर ब्रॅकेट कितीही देखणे असोत, भंगारात. पहिलं काम तेच शेवटचं. आणि निरीक्षक आज दुपारी येणार होते.

"काय केलंत त्याचं?"

"गावच्या जत्रंत शेवटच्या कुस्तीला गदा द्यायची हुती. चांदीवाल्यानं ऐनवेळी हात वर केलं. पाटणवरनं सगळी कमिटी फोनवर, जोतीराम, तुज्याकडं लेथ हाय, कायतरी कर." काकांचा आवाज हळूहळू खुलत गेला. "लय चिवट धातू बग. कापायच्या पाच टिपा खाल्ल्या त्यानं लेथवर. पन गदा अशी झाली, शिवे, चांदी झक मारंल."

"ती आत्ता कुठं आहे?"

"धुळा पैलवानाकडं. माण तालुक्यात. घिस्सा डावावर मारली त्यानं कुस्ती."

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. निरीक्षक मुजीब मुजावर दुपारऐवजी सकाळीच आले होते. माणूस मूळचा मिरजेचा, नोकरीनिमित्त बंगळुरात स्थायिक झालेला, आणि संस्थेत असं म्हणत की मुजावरसाहेब स्क्रूलासुद्धा जन्मदाखला विचारतात. त्यांनी ब्रॅकेट मोजले, मापं घेतली, मान हलवली आणि विचारलं, "चाचणीचा तुकडा?"

शिवांजलीने तोंड उघडलं, पण काका आधी बोलले. "त्यो भायेर दिलाय, सायेब. माणात. एका तज्ज्ञाकडं."

"कसला तज्ज्ञ?"

"ताकदीतला."

"मग चला तिकडं," साहेब म्हणाले. "गाडी आहेच."

फलटणला चहाला थांबले तेव्हा काकांनी बाजूला जाऊन धुळाला फोन केला. "गदा पुसून ठेव गड्या. रॉकेटचं सायेब येत्यात बगाया." यात खोटं काहीच नव्हतं, असं ते नंतर शिवांजलीला सांगत राहिले. धुळाने मात्र ही बातमी घरी सांगितली, घरच्यांनी वाडीला सांगितली, आणि दहिवडीच्या पुढे गाडी वळली तेव्हा रस्त्यात हलगी वाजत होती. साहेबांना उतरवून घेतलं, भगवा फेटा बांधला. शाळेची पोरं दोन्ही बाजूंना उभी. पाराच्या मध्यभागी धुळा पैलवान खांद्यावर गदा घेऊन उभा होता. उन्हात ती अशी चमकत होती की साहेबांनी डोळे बारीक केले.

"ही कसली प्रयोगशाळा?" त्यांनी हळूच विचारलं.

शिवांजलीने मग सगळं सांगून टाकलं. सांगताना तिची नजर बुटांवर होती. साहेबांनी धुळाकडून गदा घेतली, चष्मा काढला आणि गदेच्या गोलाचा माथा डोळ्यांजवळ धरला. तिथे संस्थेचा ठोकलेला क्रमांक होता, अक्षर न् अक्षर शाबूत.

"हा का नाही घासलात?"

"शोभा देत हुता, सायेब," काका म्हणाले.

"तेवढ्यानं वाचलात." साहेबांनी गदेची मूठ चाचपली. "क्रमांक आहे म्हणजे धातू आमचाच. या दांड्यातून चाचणीपुरती कांडी कापता येईल."

"कापायची?" धुळाने गदा परत खांद्यावर घेतली. "जितल्याली गदा हाय ती. कुनाच्या बापाची भेट न्हवं."

त्याची आई मनुबाई पुढे आली. "आवं सायेब, वर आभाळात न्यायची म्हनला असता तर हसत दिली असती. ह्यो फेटा काय गदा तोडाया बांदला व्हय तुमाला?"

हलगी थांबली. शिवांजलीला ब्रॅकेटचं पोतं भंगारवाल्याच्या काट्यावर दिसू लागलं.

साहेबांनी फेटा नीट केला आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात मिरज आली. "मावशी, तालमीत वस्ताद पैलवान कसा पारखतो? झुंजवूनच की. हिचे वीस भाऊ शिरवळात तयार बसलेत. ते वर जायचे का न्हाई, ते आता हिच्या झुंजीवर."

धुळाने डोकं खाजवलं. "कुनासंगं झुंजनार?"

"मशीनसंगं."

"कितीचं मशीन?"

"दहा टनाचं."

पैलवानाने गदा हातात तोलून पाहिली. मग म्हणाला, "जोड तगडी हाय. पन मी बगाया येनार."

तो आला, आणि त्याच्याबरोबर दोन टेंपो भरून वाडी आली. साताऱ्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत एवढी माणसं कधी मावली नव्हती. हलगीवाल्याला वॉचमनने अडवलं, म्हणून तो खिडकीबाहेर उभा राहून वाजवू लागला. कांडी मशीनच्या जबड्यात पकडली गेली. पडद्यावरचे आकडे चढू लागले. पाच टन. सहा टन.

"सोडू नगंस," धुळा पुटपुटला.

ठरलेल्या ताणाची, सव्वासात टनांची रेघ आली आणि मागे पडली. कांडी मध्येच बारीक होत गेली आणि फाडकन तुटली. खिडकीबाहेरची हलगीसुद्धा गप्प झाली.

"पडली?" धुळाने विचारलं.

"पडली," साहेब सही करत म्हणाले. "पण पास."

"पडून पास?"

"आमच्यात असंच असतं."

वाडीला हे पटायला थोडा वेळ लागला, पण पटल्यावर शिवांजलीला वाडीतल्या दोन बायकांनी उचललंच. काका कोपऱ्यात उभं राहून नाक शिंकरत होते.

धुळाच्या हातात मात्र काहीच उरलं नव्हतं. गदेचा गोलही सरकारी धातू म्हणून संस्थेकडे जमा झाला. मुजावरसाहेबांना ते लागलं असावं. त्यांनी बंगळुरात वरपर्यंत बोलून पैलवानाला नवी गदा मंजूर करून घेतली. पण संस्था स्वतः गदा बनवत नाही, आणि बाहेरून घ्यायची तर रीतसर निविदा हवी. ती निघाली: कुस्तीची गदा, टायटॅनियमची, नग एक. खरेदी विभागाने नेहमीची अटही टाकली. निविदा भरणाऱ्याला अशीच वस्तू पूर्वी बनवल्याचा अनुभव असावा, आणि त्याचा लेखी पुरावा जोडावा.

तीन कारखान्यांनी निविदा भरली. एकजण हेलिकॉप्टरचे भाग करत होता, एकजण उपग्रहांचे. दोघांकडेही गदेचा अनुभव नव्हता.

शिवांजलीने पुराव्यादाखल संस्थेचंच एक पत्र जोडलं. काकांनी ते पाकिटात घालण्याआधी पुन्हा वाचलं. त्यात, संस्थेच्या धातूची आपण गदा बनवल्याचे निःसंशय सिद्ध झाले असून याची गंभीर नोंद घेण्यात येत आहे, असं लिहिलं होतं.

"शिवे, ही शिवी हाय का शिफारस?"

"गेल्या महिन्यात शिवी होती," शिवांजली पाकिटाला डिंक लावत म्हणाली.